खालून बघितलंस का?

...आणि हे मला विचारतंय कोण, तर दुकानातली उन्नूर. मी बिचारा दही घ्यायला गेलेलो, हातात पिशवी, डोक्यात दुसरंच काहीतरी, आणि ती गल्ल्यामागून मान वर न करता म्हणते, "हाफ्लिदीची जीप घेतोयस म्हणे. खालून बघितलंस का?" म्हणजे नऊ वाजता मी हाफ्लिदीला फोन केला आणि दहा वाजता बातमी दह्यापर्यंत पोचली. तुम्हाला सांगतो, आमच्या खाडीत सहाशे माणसं राहतात आणि त्या आठवड्यात सहाशेच्या सहाशे जणांनी मला हा एकच प्रश्न विचारला. पोस्टात विचारला, चर्चच्या पायरीवर विचारला, दातांच्या डॉक्टरने तर माझा जबडा उघडा असताना विचारला, आता अशा वेळी माणूस काय उत्तर देणार? मी "आ" म्हटलं. तो म्हणाला, "मग बघ बाबा."

बरं, मी कोण? जुन्या कातड्यावरच्या पोथ्या चाळीस वर्षं तपासत बसलेला माणूस. ही कधीची, ती कुणी लिहिली, इथे आधीचं खरवडून वर दुसरं लिहिलंय का, एवढंच मला येतं, आणि तेही येतं की नाही याबद्दल मला आता शंका आहे. एका पोथीचं साल मी तेराशे चाळीस असं छापलं त्याला तीस वर्षं झाली, आणि अजून मधेच बुटाची नाडी बांधताना मी थांबतो... तेराशे ऐंशी तर नसेल? असल्या माणसाने वीस वर्षं जुनी, सगळ्यात स्वस्त, चारही चाकांना जोर देणारी जीप पारखायची. मोटारीतलं मला काय कळतं? पण घ्यायला तर हवी होती.

का हवी होती ते सांगतो. गेर्दुर, माझी बायको, घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात असते. दोन वर्षं झाली. तिची आठवण अधूनमधून जाते आणि परत येते, जाते आणि परत येते, तर मी रोज दुपारी जातो म्हणजे आठवण परत येईल तेव्हा मी समोर असेन, एवढाच हिशेब. पण आमचा घाट सहाशे मीटर उंचीचा, आणि गेल्या जानेवारीत माझ्या छोट्या गाडीने पहिल्याच चढावर मान टाकली. बर्फ, वारा, पुन्हा बर्फ. अकरा दिवस मी घरात. रस्तेखात्याने घाटमाथ्यावर कॅमेरा बसवलाय, दर काही मिनिटांनी एक फोटो येतो, तो मी अकरा दिवस बघितला. सगळे फोटो पांढरे. बाराव्या दिवशी कुणाच्यातरी ट्रकमधून पोचलो तेव्हा गेर्दुर उठून उभी राहिली, हात पुढे केला आणि म्हणाली, "या. आपण कुणाला भेटायला आलात?"

आपण. चोपन्न वर्षं संसार केलेल्या बायकोने.

तर म्हणून जीप. आता बघा, प्रश्न पडला की आम्ही काय करतो, तर तळ्यावर जातो. उघड्यावरचं गरम पाण्याचं तळं, बाहेर उणे सहा, पाण्याबाहेर नुसती डोकी, डोक्यांवर बर्फ पडतोय, आणि गावाचा सगळा कारभार तिथेच ठरतो. मी गळ्यापर्यंत पाण्यात बसलो आणि बेर्गुरला विचारलं. बेर्गुरचं गॅरेज आहे, सगळ्या गावाच्या गाड्या तोच उघडतो. त्याने डोळे मिटले. "हाफ्लिदीची? ती आधी ढोरांच्या डॉक्टरची होती. मग पाद्रीबुवांची. पाद्री चढाला क्लचवर पाय ठेवून बसायचा."

"कायम?"

"प्रार्थना म्हणायचा ना चढाला. पाय विसरायचा."

"मग क्लच गेला असेल?"

"मी बदलला. गेल्या वर्षी." मग एक डोळा उघडला. "तू खालून बघितलंस का?"

मी म्हटलं, बाबा, बघणार आहे, पण बघायचं काय ते तरी सांग. तर त्याने पाण्यातूनच बोटं वर काढून सांगायला सुरुवात केली. हातोडा घेऊन जा. खालच्या पोलादी दांड्यांवर ठोक. टण् वाजलं तर पोलाद, थप् वाजलं तर गंज. चार चाकांचा दांडा टाकून बर्फाळ जागेवर हळू वळव, पुढची चाकं ओढतायत का बघ. गिअरच्या तेलात बोट बुडव, बोटावर लोखंडाच्या कणांची चमचम दिसली तर घरी जा. "आणि माथ्यावर थांबलास तर तोंड वाऱ्याकडे." मी म्हटलं, बेर्गुर, मी याच खाडीत जन्मलोय, मला शिकवतोस? तो म्हणाला, "बरं," आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी हातोडा घेऊन हाफ्लिदीच्या दारात. हाफ्लिदी मेंढ्या पाळतो, बोलतो कमी, आणि त्याचं कुत्रं त्याच्यापेक्षा कमी. जीप उभी होती. रंग कोणे एके काळी हिरवा. मी सरळ बर्फावर पाठ टेकली आणि आत सरपटलो, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पाय तेवढे बाहेर. वर बघतो तर काय, सगळं काळं. ताजं, चकचकीत, नुकतंच फासलेलं. आणि तुम्हाला सांगतो, मला लगेच संशय आला, कारण एवढं मात्र मला आयुष्यात शिकायला मिळालंय की जिथे वरचा थर असा नवा दिसतो तिथे खाली कुणीतरी काहीतरी खरवडलेलं असतं. मी खालूनच ओरडलो, "हाफ्लिदी, हे काळं कशाला फासलंयस?"

वरून आवाज आला. "लोकरीचं तेल. दर सप्टेंबरला लावतो."

"काय लपवतोयस?"

"मीठ लागू नये म्हणून लावतो. रस्त्यावरचं. मेंढीला चालतं, गाडीला चालतं."

मी नखाने खरवडलं. वास घेतला. मेंढी. हातोड्याने ठोकलं. टण्. पुढे सरकलो, टण्. मागे गेलो, तिथे एके ठिकाणी थप् झालं... तर ते हाफ्लिदीचं कुत्रं, माझ्या शेजारी येऊन झोपलेलं, आणि शेपटी बर्फावर आपटत होतं. तेलात बोट बुडवलं, चमचम नाही. मग टायर बघितले, आणि इथे मला जरा थांबावं लागलं. बर्फावर घसरू नयेत म्हणून खिळे ठोकलेले टायर, आणि रबरावर चार आकडे. कुठल्या आठवड्यात झाला, कुठल्या साली झाला. स्पष्ट. तुम्ही समजून घ्या, चाळीस वर्षं मी तारखांसाठी कातड्यांची रंध्रं मोजली, शाईचे डाग हुंगले, आणि इथे कुणीतरी आपणहून लिहून ठेवलं होतं की बाबा, हे एकोणचाळिसाव्या आठवड्यातलं. डोळ्यांत पाणी आलं. हाफ्लिदी म्हणाला, "टायर जुने नाहीत रे एवढे." त्याला वाटलं मी त्यावरून रडतोय.

तर घेतली जीप. सात दिवस सरळ गेली. चढाला चारही चाकं कशी हळूहळू, मेंढ्या चालाव्यात तशी. गेर्दुर त्या सातांपैकी दोन दिवस मला नावाने बोलली, पाच दिवस आपण-आपण. मी म्हटलं, होईल. अकरा दिवसांचं नुकसान आहे, भरायला वेळ लागणार.

आठव्या दिवशी घाट चढताना मागून आवाज. ठक्. वळणावर, ठक्. दुसऱ्या वळणावर, ठक् ठक्. आता तुमच्यासारखा माणूस काय करेल? पुढे जाईल. पण माझं तसं नाही ना. मला तेराशे ऐंशी आठवलं. दांडा तुटला असेल, पाद्रीबुवांनी काहीतरी करून ठेवलं असेल, हाफ्लिदीच्या लोकरीच्या तेलाखाली माझ्या हातोड्याला चुकलेली एक जागा असेल, आणि सहाशे माणसं एका सुरात कानात, खालून बघितलंस का, खालून बघितलंस का. माथ्यावर कॅमेऱ्याच्या खांबापाशी जरा रुंद जागा आहे. तिथे वळवली, थांबवली, दार उघडलं.

पाठ वाऱ्याला होती.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं हे. गाडी लावायची ती नाक वाऱ्यात, म्हणजे वारा दार मिटतो. पाठ वाऱ्याला केली तर दार तुमचं राहत नाही. माझ्या हातातून ते गेलं, बिजागऱ्या कडकडल्या, आणि पार पुढे जाऊन बोनेटला चिकटलं. मी त्या दाराला मिठी मारून उभा, टोपी खाडीच्या दिशेने गेलेली. पण उतरलो होतो, तर म्हटलं आता बघूनच घेऊ. त्या वादळात पाठीवर झोपून खालून बघितलं. काही नाही. सगळं ठणठणीत. मग आत बघितलं. मागच्या बाकाखाली माझा हातोडा लोळत होता.

दोरीने दार बांधलं, कसं ते विचारू नका, आणि पोचलो.

आता वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात भिंतीवर मोठा पडदा आहे. त्याच्यावर दिवसभर काय असतं? घाटमाथ्याचा कॅमेरा. कारण भेटायला येणारा प्रत्येक जण तिथूनच येतो. मी कानात बर्फ घेऊन आत शिरलो तर चौदा म्हातारी माणसं माना वळवून माझ्याकडे बघतायत, आणि त्यांच्या मागे पडद्यावर मी. दाराला मिठी मारून. त्या वाऱ्याने कॅमेऱ्याचंही काहीतरी बिघडलं होतं, तो फोटो अडकून बसला होता.

परिचारिका हळूच म्हणाली, "अर्धा तास तसाच आहे. सगळे हसत होते. गेर्दुरने सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, तो माझा नवरा आहे, त्याला वाऱ्यात गाडी लावता येत नाही."

मी तिच्यापुढे जाऊन बसलो. तिने माझ्या कानातला बर्फ बोटाने काढला. "पाठ वाऱ्याला केलीस ना? लग्नाला महिना नव्हता झाला तेव्हा त्या पुलापाशी हेच केलंस. माझ्या बापाची गाडी होती. तो आठवडाभर जेवताना बोलला नाही."

"आठवतं तुला?"

"दार कोण विसरेल?" ती म्हणाली. मग विचारलं, "कशाला उतरला होतास?"

"खालून बघायला."

"मग, बघितलंस का?"

"बघितलं. काही नव्हतं."

"बरं झालं," म्हणाली, आणि माझा हात तिने कॉफी येईपर्यंत सोडला नाही.

बेर्गुरने भंगारातून दुसरं दार आणून ठेवलंय. महिना झाला. तिसऱ्यांदा निरोप पाठवला, बसवून घे म्हणून. मी नको म्हटलं. कारण काय आहे, मी कोण ते तिला रोज आठवतं असं नाही, चेहरा तर बरेचदा नाही, पण माथ्यावर मी फोटो निघेपर्यंत थांबतो, आणि पडद्यावर वाकडं दार दिसलं की ती परिचारिकेला सांगते, कॉफी ठेव, तो आला. आता असं दार कोण बदलेल? मी पलीकडच्या बाजूने चढतो, गिअरच्या दांड्यावरून एक पाय टाकून, फटीतून वारा येतो, डावा गुडघा घाट संपेपर्यंत माझा नसतो. असू दे.

काल दही घ्यायला गेलो होतो. उन्नूरने काचेतून जीपकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मान हलवत म्हणाली, "फसवलं ना हाफ्लिदीने? मी तेव्हाच सांगत होते तुला, खालून बघ."

मी म्हटलं, हो बाई, चुकलंच माझं. दही दे.