बारशाला आत्या आणायची कुठून?

...नाही, पण मला एक सांगा, भाऊ झाला म्हणून माणसानं काय काय करायचं? बहिणीसाठी स्थळं आणायची, ठीक. तिनं ती सगळी परत पाठवली की आईच्या शिव्या आपण खायच्या, तेही ठीक. पण पुढचं? तुम्हाला सांगतो, आमची विनिता, माझी धाकटी बहीण, न्हावा शेवा बंदरावर एका ऑफिसात कस्टमचं काम बघते, मोठमोठे ट्रेलरवाले तिच्यापुढे चळचळा कापतात, ती एक दिवस जेवता जेवता म्हणते, "जगनदादा, मी मूल दत्तक घेतेय." माझ्या घशात माशाचा काटा! म्हटलं, आणि नवरा? म्हणते, "नको." म्हटलं, अगं लोक काय म्हणतील? म्हणते, "लोक पण नकोत." आता बोला! विनितानं एकदा ठरवलं की ठरवलं.

मग घर बघायला एक बाई आल्या. मूल द्यायचं तर घर कसंय, माणसं कशीयत, सगळं विचारतात हो! आणि आमची आई, कृष्णाबाई, जन्म गव्हाण गावात गेलेला, तिला कुठलं राहवतंय? "बाई, पोरगी माजी गुनाची हाय, पन सयपाकाच्या नावानं बोंब! पोराला काय फाईल चारल?" मी आईला खुणा करतोय, आई मलाच विचारते, "तुज्या डोल्यात काय गेलाय काय?" त्या बाई हसल्या म्हणून निभावलं. पण त्यानंतर जी वाट बघायची वेळ आली... वर्षं गेली हो, वर्षं! रोज सकाळी फोन बघायचा, रोज बाजूला ठेवायचा. मी म्हटलं, सोड आता. सोडतेय कसली! विनितानं एकदा ठरवलं की ठरवलं.

आणि फोन आला. कुठून? मिझोराम! मी नकाशा काढला, बोट पनवेलवरून निघालं ते सरकतंय, सरकतंय, देश संपत आला तरी मिझोराम येईना! समोरच्या नीतावहिनी लगेच दारात. "अगंबाई, म्हणजे डोळे तसे असतील का गं... त्यांच्यासारखे?" विनिता म्हणाली, "दिसतं ना तिला त्या डोळ्यांनी? मग झालं." दार बंद! आणि मग हिचं सुरू झालं. केस विंचरताना, इस्त्री करताना, गाडी चालवताना, "का फानू, का फानू." मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. तर म्हणे मिझो भाषेत त्याचा अर्थ, माझी लेक.

गेलो आम्ही दोघं. विमानं बदलली, मग डोंगरातला रस्ता, वळणावर वळण, माझ्या पोटात होतं ते सगळं मिझोरामलाच राहिलं! अनाथाश्रमात पोहोचलो तर दारात ती. दीड वर्षाची. गोबरे गाल, हातात चावून चावून लगदा केलेलं बिस्कीट. विनिता खाली बसली आणि म्हणाली, "का फानू." पोरीनं तिला वरून खालपर्यंत असं न्याहाळलं, जशी आमची आई बाजारात सुरमई न्याहाळते, आणि दुडूदुडू आली नि ते बिस्कीट हिच्या तोंडात कोंबलं. आता तुम्हाला सांगतो, आमची विनिता दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी पीत नाही. सख्ख्या भावाच्या नाही! तिनं ते बिस्कीट खाल्लं. डोळ्यांतून धारा, आणि खातेय. आई व्हायला काय लागतं हो? मला वाटायचं, मला माहितीय. काय माहीत होतं? काही नाही!

पोरीचं नाव मावी. तिकडच्या भाषेत सुंदर. विनिता म्हणाली, हेच ठेवायचं. आता नाव आहेच तर बारसं कशाला? नाही, बारसं पाहिजे! विनितानं एकदा ठरवलं की ठरवलं. गव्हाणहून सगळ्या बाया आल्या, पाळणा सजला, मावी पाळण्यात मावेना, उभी राहून सगळ्यांना टाटा करतेय... आणि आमची मालूमावशी विचारते, "आत्या कुटं हाय? कानात नाव कोन सांगल?"

झालं. बाप नाही तर बापाची बहीण कुठली? विनिता म्हणाली, "मीच सांगते." मालूमावशी म्हणते, "आयनं सांगाचं नसतं गो." आणि इतकी वर्षं ज्या बाईनं हूं की चूं केलं नाही, तिचा चेहरा... पडला हो. एवढा डोंगर चढून आली आणि उंबऱ्यात अडखळली. मला बघवेना.

तेवढ्यात आई उठली. पोर घरात आल्यापासून आईनं तिला एकदाही उचललं नव्हतं बरं का! "माज्याकरं आली नाय तर?" म्हणायची, लांबूनच बघायची. तिनं मावीला पाळण्यातून काढून कडेवर घेतलं, आणि बायांना म्हणते, "माज्या नातीला बाप नाय, आत्या नाय, म्हनून काय नावाबिगर ठेवू? आयचा भाव हाय ना! ए जगन, बस खाली!"

अहो, मी? मिशीवाला माणूस! बसलो. कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं, "मावी" म्हटलं, आणि नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका बुक्के घालतात, हे मला आठवेपर्यंत पहिला बसला होता! मासळी कापणारे हात हो ते! मी ओरडतोय, विनिता रडता रडता हसतेय, आई पोरीला घेऊन नाचतेय. आणि मग आत्याचा मान म्हणून मला साडी. हिरवी. काठापदराची. माझी बायको दमयंती म्हणते, "मी नाही नेसणार, मान तुमचा आहे."

आता मावी बोलायला लागलीय. मामा शिकवून शिकवून माझं तोंड दुखलं. परवा मी कामाला असतो त्या ट्रेलरच्या यार्डात, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, लांबून धावत आली, "आत्याऽऽऽ!" सगळे फिदीफिदी. काय करणार... "ओ," म्हटलं, "आले गं बाई!"