पाऱ्याच्या पानाकडे

साऊल : पान काढ असं कुठे म्हणतोय मी? पान राहू दे. त्याच्याकडे नेणारी वाट तेवढी बंद कर. एक दुवा, बस.

येसेनिया : एक नाही, सात आहेत. ‘हात थरथरतात’, ‘बोटं बधिर होतात’, ‘मूल उशिरा चालतं’... सगळीकडून पाऱ्याच्या पानावर जाता येतं. मुद्दामच तसा बांधलाय मी हा संगणकातला कार्यक्रम.

साऊल : मग सातही तोड. यादीत नाव आहेच. हवं त्याला सापडेल.

येसेनिया : शोधायला आधी ‘पारा’ हा शब्द सुचायला हवा ना, इंजिनिअर? ज्याला तो सुचला, त्याला माझं पान कशाला लागतंय?

हर्मेलिंदा : मी बोलू?

साऊल : दोन्या हर्मेलिंदा, मान राखून सांगतो, तुम्ही आरोग्यसेविका. चाचणीला आलात. हा कार्यालयाचा प्रश्न आहे.

हर्मेलिंदा : चाचणीचंच सांगते. पहिल्या खेपेला हिनं रोगांची नावं ओळीनं लावली होती. म्हटलं, बाई, नाव ठाऊक असतं तर तुझ्या यंत्रापुढे बसले असते का? माणूस येतो तो ‘हात थरथरतो’ म्हणत येतो. तर ही महिनाभर माझ्या उपकेंद्रात राहिली. मी कुठे चुकते ते मागे बसून लिहायची.

येसेनिया : तुम्ही नाही चुकत, मावशी. मी चुकवत होते.

हर्मेलिंदा : लिसार्दोच्या बायकोला पेला धरता येईना. दोन वर्षं मी तिला जंतांच्या गोळ्या देतेय. दोन वर्षं! नव्या कार्यक्रमात ‘हात थरथरतात’ दाबलं, तर त्यानं विचारलं, घरात सोनं भाजतात का? भाजत होते. केळी तळायच्या कढईतच, त्यातला पारा उडवायला.

साऊल : कळतं हो मला. पण संगणक सोन्याच्या खाण कंपनीनं दिलेत. लिमाहून त्यांचा फोन आला होता. या वाटा राहिल्या तर सव्वीस उपकेंद्रांतून काढून नेतील.

हर्मेलिंदा : नेऊ देत. होडीत चढवायला हात लावीन मी.

साऊल : तुम्हाला बोलायला काय जातं!

हर्मेलिंदा : गोळ्या माझ्या हातानं दिल्यात, साहेब.

येसेनिया : वाट तोडलेलं पान म्हणजे पुरलेलं पान. वर तोंड करून सांगायचं, आहे की आत! मी नाही तोडणार.

साऊल : मग मी सही करणार नाही. सरकारी बोटीत या कार्यक्रमाची एकही तबकडी चढणार नाही. आणि तुझं कंत्राट या महिन्यात संपतंय.

येसेनिया : आजच संपवा. तबकड्यांवरचं प्रकल्पाचं नाव खोडते आणि माझं घालते. येसेनिया पिसांगो. पत्ताही घालते.

हर्मेलिंदा : दे इकडे. माझी होडी रिकामीच चाललीय.

साऊल : वाटेत कंपनीची चौकी आहे, दोन्या.

हर्मेलिंदा : असू दे. तिथला पहारेकरी माझ्याच हातावर जन्मलाय.

(दोन महिन्यांनी, उपकेंद्राच्या रेडिओवर.)

हर्मेलिंदा : एकोणीस ठिकाणी तुझी तबकडी लागली. सात जण भ्याले. आणि परवा कंपनीची माणसं आली, एकोणीसच्या एकोणीस यंत्रं उचलून नेली.

येसेनिया : सगळी? मावशी, माझ्या हट्टापायी...

हर्मेलिंदा : गप, ऐक. येणार हे आम्हाला चौकीवरून आधीच कळलं होतं. दोन दिवस बसून भिंतीवर कोळशानं उतरवून घेतलं सगळं. ‘हात थरथरतात’, तिथून बाण. सोनं भाजता का? हो तर इकडे. नाही तर, मोठे मासे खाता का?

येसेनिया : भिंतीवर?

हर्मेलिंदा : मग! फळ्यांची भिंत कोण उचलून नेतंय? फक्त एका जागी दोन बाण गुंतलेत. बायका तिथे अडतात. पुसून नीट काढू का?

येसेनिया : नको, पुसू नका. शुक्रवारच्या बोटीनं येते. कुठे अडतात ते मला बघायचंय.