वेणूबाईच्या पोराला दमा न्हाय

— न्हाय न्हाय, उठू नका, बसा त्या खोक्यावर, कोरडं हाय, पँट खराब व्हायची न्हाय. केतनचं घर विचारताय ना, मग लगेच घरी कशाला धावताय? घरी गेलात की काय, चहा मिळेल, पोहे मिळतील आणि सगळे गोड बोलतील. खरी चौकशी बाजारात करावी. तुम्हाला ठाऊक हाय ते, म्हणून तर पयले मुरुडच्या मासळीबाजारात आलात. आता कोणी पाठवलं, कुठून आलात, मी विचारत न्हाय — विचारायचंच नसतं. मी पण भाच्यासाठी श्रीवर्धनला अशीच गेलेली, पोरीच्या चुलतीपुढे बसून बांगडे उलटेसुलटे करत राहिले, एक घेतला न्हाय, पण पोरीचं सगळं काढून घेतलं, आणि तिला पत्ता न्हाय की ही सोयरीक बघायला आलीय. तर आपल्याला समजतं. तुम्ही मला वळखत न्हाय, मी तुम्हाला वळखत न्हाय, मी आपली शेजारीण. वेणूबाईची शेजारीण. — ओ बाई, ते बोंबील दाबू नका, सकाळचे हायत, ताजेच हायत. हां, बघा बघा, सावकाश बघा. — या अशा बायका. मघापासून टोपलीत हात घालून उभी हाय.

तर केतन. केतन म्हणजे वेणूबाईचा एकुलता एक. घरात सात पिढ्या होडी आणि जाळं, हा पयला फुटबॉलवाला. लहानपणी पुळणीवर खेळायचा. भरतीला खेळायला वाळूच उरत न्हाय, म्हणून ओहोटी कधी लागते ते बघून शाळा बुडवायचा — म्हणजे हुशार होता हो, शाळेतही हुशारच. आता बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या क्लबात हाय, टीव्हीवर दिसतो, पाठीवर बापाचं आडनाव असतं. सध्या घरी हाय, रजेवर. भरपगारी रजा! आमच्याकडे मास्तरला मिळत न्हाय एवढी रजा. — मोबाइल कशाला पुढे केलात? आवाज भरताय? भरा की. पोरीच्या आईला ऐकवायचा असेल. थांबा, पदर नीट घेते — व्हय, दिसत न्हाय त्याच्यात, तरी पण. हां, विचारा. दारू? शिवत न्हाय. तंबाखू? बापानं खाल्ली, त्यानं न्हाय. आणि काय म्हणालात — गोळ्या? इंजेक्शन? बया, हल्लीचे स्थळवाले हे पण विचारायला लागले. बरोबर हाय, विचारावंच, पोर द्यायची म्हणजे गंमत न्हाय. तर लिहून घ्या, भरून घ्या, काय ते घ्या: केतन कसलीही गोळी घेत न्हाय.

ताकद कुठून आली म्हणता? हा, हे बरं विचारलंत. लहानपणी काय होतं, पोरगा दोन फेऱ्या पळाला की छाती धरून खाली बसायचा — म्हणजे पोरंच ती, दमतात — आणि आता बघाल तर पुरी मॅच पळतो, तोंड मिटून पळतो. एकाएकी फरक पडला. अख्खा कोळीवाडा चाट पडला. कशानं? आईच्या लाडवानं! वेणूबाई नाचणीचे लाडू करते, डबा भरून त्याच्या क्लबात पाठवते. त्या डब्यातलं पोटात गेल्याशिवाय पोरगा मैदानात पाय ठेवत न्हाय. दुसऱ्या पोरांना हात लावू देत न्हाय, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. एकदा काय झालं, डबा पोचायला उशीर झाला, तर अर्ध्या मॅचमध्ये बाहेर येऊन बसला बिचारा, आम्ही इथे टीव्हीसमोर रडकुंडीला आलो. डबा पोचला, पुढच्या मॅचला पोरानं गोल मारला. एवढं सत्त्व हाय त्या लाडवात! — हे नीट भरलं ना? पुन्हा बोलू? तुमचा चेहरा असा का झाला, साहेब? पाणी देऊ?

बरं, घराचं ऐका. घर स्वच्छ. अख्ख्या कोळीवाड्यात यांचंच दार असं, की दारात सुकं वाळत न्हाय. जवळा न्हाय, बोंबील न्हाय, धूळ न्हाय, वास न्हाय. वेणूबाईनं सुक्याचा धंदाच सोडला, पावसाळ्यात हात रिकामे बसतात, तरी सोडला. का सोडला? — का म्हणजे, हौस. सुनेला त्रास नको. आई म्हणाल तर सोनं हाय ती. जरा तोंडाळ हाय म्हणतात लोक, पण लोकांचं काय. कल्पिता तिथे राणीसारखी राहील — व्हय, नाव ठाऊक हाय मला पोरीचं. दिवेआगरची, तुमच्याकडे घरात पर्यटक उतरतात, पोरगी हिशेब बघते, सगळी चौकशी आम्ही पण केलीय. जुना आजार? कोणाला, केतनला? काय बोलताय! दमा-बिमा काही न्हाय. ...तुम्ही दमा म्हणाला नव्हतात? न्हाय? मग मी पण म्हणाले न्हाय. सोडा तो विषय. बाई, घेताय का बोंबील? न्हाय? मग राहू द्या की त्यांना, लाजतात ते.

हे काय दाखवताय? कार्ड? चष्मा न्हाय माझ्याकडे — पण हा तर चेंडू काढलाय याच्यावर. दिवेआगरचे न्हाय तुम्ही? मग कुठचे? समिती. कसली समिती? ...कोणाच्या लघवीत? साहेब, हळू बोला, हा बाजार हाय. काय सापडलं? ...ताकदीचं औषध. केतननं घेतलं. आणि म्हणून क्लबानं घरी बसवलंय. रजा न्हाय ती? पगार पण न्हाय? आणि आता तुम्ही ठरवणार — दोन वर्षं. दोन वर्षं खेळायचं न्हाय. कुठेच? दुसऱ्या क्लबात पण न्हाय? ...आणि हे मी जे मघापासून बोलले, लाडू, डबा, कुलूप, ते सगळं त्याच्यात भरलंय? पुसा. पुसा ते. पुसता येत न्हाय म्हणजे काय, माझा आवाज हाय, मी सांगतेय ना पुसा!

थांबा. जाऊ नका. मोबाइल बंद करू नका, पुढचं पण भरा. मी शेजारीण न्हाय. मीच वेणूबाई. हसू नका, तुम्हाला कळलंच असेल, मी स्वतःलाच सोनं म्हणाले तेव्हाच कळलं असेल. साहेब, त्याला दमा हाय. सातव्या वर्षापासनं हाय. ताकदीचं औषध न्हाय ते, श्वासाचं औषध हाय. सुक्याच्या धुळीनं याला धाप लागते — कोळ्याच्या पोराला सुकी मासळी सोसत न्हाय, हे कोणाला सांगायचं? म्हणून दारात सुकं न्हाय. हौस कसली, हात रिकामे ठेवून बसायची हौस असते कोणाला? अलिबागचा डॉक्टर घसा फोडून सांगत होता, याला पंप द्या, तोंडात मारायचा पंप. मीच न्हाय म्हटलं. पंप कसा लपवणार? मैदानात पोरगा पंप तोंडात धरणार, टीव्हीवर अख्खं मुरुड बघणार, आणि मग कोण पोर देईल? दम्याच्या पोराला? मी म्हटलं गोळ्या द्या. गोळी मुठीत मावते. लाडवाच्या डब्यात तळाला कागदात गुंडाळून पाठवत होते, वर लाडू. लाडवात काही न्हाय हो, नाचणी आणि गूळ.

...काय? पुन्हा सांगा. पंप चालला असता? डॉक्टरची चिठ्ठी दाखवून, ठरल्या मापात पंप चालतो, आणि गोळी चालत न्हाय? म्हणजे जे चारचौघांत चाललं असतं तेच मी लपवलं, आणि जे चालत न्हाय ते डब्यात घालून पोचवलं. वा गं वेणूबाई. शाबास. आणि त्यानं का न्हाय सांगितलं तुम्हाला? विचारलंत ना समितीत? काय म्हणाला — काहीच न्हाय? खाली मान घालून बसला? अहो, मी शपथ घातलीय त्याला. माझी. दम्याचा द जरी कोणापुढे काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील, असं म्हटलंय. लग्न ठरेपर्यंत. म्हणून बोलला न्हाय. दोन वर्षं घालवायला निघालं माझं लेकरू, पण आईची शपथ मोडली न्हाय. आणि मला सांगतो रजा. आल्यापासनं चेंडू पलंगाखाली सरकवून ठेवलाय. ओहोटी लागली की पोरं हाका मारतात, हा भिंतीकडे तोंड करून बसतो. मला वाटलं, पोरीच्या विचारात हाय. मी तर हसत होते, साहेब, नवरदेव लाजतोय म्हणून हसत होते.

पटत न्हाय तुम्हाला. दिसतंय. मघाशी दमा न्हाय म्हणत होते, आता हाय म्हणतेय, तुम्ही तरी काय कराल. साक्ष पायजे? देते. अख्खा कोळीवाडा साक्ष देईल. हा काय शेजारी धर्माजी बसलाय, त्याच्या होडीवर याला पयल्यांदा धाप लागली, त्यानंच उचलून डॉक्टरकडे नेला. — भावजी! ओ धर्माजीभावजी! हे साहेब विचारतायत, आपल्या केतनला दमा हाय ना? सांगा यांना. ...काय? "छे, घोड्यासारखा हाय"? भावजी, खरं सांगा. आता खरं सांगायचं हाय. हे तसले न्हायत, हे दुसरे हायत. ...डोळा काय मारताय मला! बघा, बघा याला, साहेब. काय करू? मीच शिकवलंय. घरोघर जाऊन शिकवलंय, कोणी परका माणूस आला, काही विचारलं, तर एकच बोलायचं — वेणूबाईच्या पोराला दमा न्हाय. पलीकडच्या दारातल्या येसूबाईला विचाराल तर ती देवाची आण घेऊन सांगेल. अख्ख्या वाडीत इतकं एकमत आजवर देवळाच्या कामात झालं न्हाय.

तुम्ही असं करा. सरळ घरी जा. तिसऱ्या गल्लीत शिरा, दोन्ही बाजूंना दारोदार सुकं वाळत असेल, नाक दाबून चाला, आणि जिथे काहीच वाळत न्हाय ते आमचं दार. तीच पयली साक्ष. आत गेलात की बघा, पोरगा तीन उशा पाठीला लावून बसलेला असेल. आडवा झोपत न्हाय तो, दसऱ्याला घरी आला तेव्हापासनं त्याला आडवं झोपवत न्हाय. त्या डॉक्टरला फोन लावा, त्याला मी शिकवलेलं न्हाय, तो माझ्यावर रागावलेलाच हाय, तो खरंच बोलेल. आणि केतनला सांगा, आईनं "सुटली" म्हटलंय. एवढंच सांगा, सुटली. ज्यानं शपथ घातली त्यानंच सोडवायची असते, त्याशिवाय तो तोंड उघडायचा न्हाय, तुमची समिती खाली वर झाली तरी. माझ्या आवाजात पायजे? भरा. केतन, बाळा, सुटली रे. बोल सगळं. दमा बोल, गोळी बोल, आईनं दिली म्हणून बोल. — झालं?

आता काय? सगळीकडे कळेल म्हणता. समितीचा निकाल छापून येतो, दमा पण येणार त्यात. येऊ द्या. मोठ्या अक्षरात येऊ द्या. कोणी पोर दिली न्हाय तर न्हाय दिली, मी लाडू करून घालीन जन्मभर. पण तो चेंडू पलंगाखालनं बाहेर आला पायजे. दोन वर्षं न्हाय हो, साहेब. त्याच्यात चूक असेल तर माझी हाय, मला बसवा घरी दोन वर्षं. — मला बसवता येत न्हाय, ठाऊक हाय. बोलायचं म्हणून बोलले. काही कमी होतील का ती दोन वर्षं? सांगता येत न्हाय. बरं. सांगता येत न्हाय तर न्हाय. जा तुम्ही, आधी त्याच्याकडे जा, चहाला थांबू नका. आणि हा पापलेट घेऊन — न्हाय घेणार? चौकशीत चालत न्हाय. बरं, राहू द्या. जा.

...काय गं बाई, तू अजून इथेच? अर्धा बाजार उठला, तू बोंबलांतच. एक वाटा घ्यायला एवढा वेळ... कुठची म्हणालीस तू? मुरुडची न्हायस, मुरुडची मी सगळी वळखते. श्रीवर्धनला मी पण अशीच बसलेली, बांगडे उलटेसुलटे करत, आणि घेतला एक न्हाय.

दिवेआगर.

कल्पिताची कोण? आत्या.

...ऐकलंत ना सगळं? बरं झालं, दोनदा सांगायला नको. आता बोंबील घ्यायचे असतील तर घ्या, आत्याबाई, न्हायतर हात काढा टोपलीतनं, मला घरी जायचं हाय.