एकट्याने बाजूला उभं राहायचं

इश्बेल: ही किल्ली मला कशाला देतोस?

मर्डो: माझ्या कपाटाची आहे. नऊ नंबर. आत एक जुनं स्वेटर राहिलंय, कुणाला बसलं तर देऊन टाक.

इश्बेल: अर्डव्हानीच्या गोल्फ क्लबात कपाटं बारा. त्यातल्या एकासाठी लोक पाच-पाच वर्षं थांबतात. तू मार्चमध्ये आलास, आजोबांमुळे तुला लगेच मिळालं, अजून मे संपायचाय, आणि परत करतोस?

मर्डो: मुलगी मेलबर्नला ये म्हणते. तिच्या घरामागे एक खोली आहे.

इश्बेल: अठ्ठेचाळीस वर्षांनी घरी आलास. आईबापाचं घर रंगवून घेतलंस. आणि आता मुलीच्या घरामागची खोली?

मर्डो: घराचं काय गं. घरात माणूस झोपतो. दिवस काढायचा असतो बाहेर.

इश्बेल: किल्ली ठेव तिथे टेबलावर. मी अजून घेतलेली नाही. आज कितव्या होलवरून परत फिरलास?

मर्डो: तिसऱ्या. तिथेच तीन वेळा बाजूला झालो. आधी डॉक्टरीणबाई आणि तिची बहीण गेल्या. मग दोघे मास्तर. त्यांच्यामागून कोणी जर्मन नवरा-बायको, पाहुणे, पहिल्यांदाच आलेले. पिवळ्या काटेरी झुडपापाशी काठ्यांची पिशवी घेऊन उभा होतो. त्या बाईला वाटलं मी इथला नोकर आहे. चहा कुठे मिळेल म्हणून विचारलं तिने.

इश्बेल: नियमच आहे तो. एकट्या खेळणाऱ्याला मैदानावर हक्क नाही. मागून जोडी आली की त्याने बाजूला उभं राहायचं.

मर्डो: जगाने तो नियम केव्हाच सोडला.

इश्बेल: जगाने सोडला असेल. आम्ही नाही सोडला. दाराबाहेर पाटी आहे बघ, खाली सही तुझ्या आजोबांची आहे.

मर्डो: रोज बघतो. रोज सकाळी आत येताना म्हाताऱ्याची सही बघतो, आणि रोज त्या झुडपापाशी जाऊन उभा राहतो.

इश्बेल: जर्मन बाईला चहाचं सांगितलंस का?

मर्डो: सांगितलं. मग तिने विचारलं, मैदान कसं आहे. म्हटलं, चांगलं आहे, छोटं आहे. पण न्यूझीलंडला एक मैदान आहे, समुद्रावर चारशे फूट उंच कडे, बोटांसारखे बाहेर आलेले, आणि त्या बोटांवर हिरवळ—

इश्बेल: हं.

मर्डो: हं काय?

इश्बेल: काही नाही. टॉर्मोड खिडकीकडे येतोय. तिघंच दिसतायत. थांब जरा.

टॉर्मोड: इश्बेलबाई, वहीत आमची तिघांची नावं लिहून घ्या. मी, माझा मेव्हणा आणि पोस्टातला इयन. काय मर्डो, बरे आहात ना?

मर्डो: बरा आहे. वारा आज पश्चिमेचा आहे, सहाव्यावर जपून.

इश्बेल: टॉर्मोड, तिघंच कशाला? चौथा घ्या. दोन-दोनच्या जोड्या होतील. मर्डो मोकळा आहे.

टॉर्मोड: ते... तसं काही नाही हो. पण मला पाचला घरी पोचायला हवं. मेंढ्यांची लोकर कापायची आहे. चौघं झालो की वेळ लागतो.

मर्डो: जा बाबा, जा. माझं आजचं खेळून झालंय.

टॉर्मोड: तुम्ही मोठमोठी मैदानं खेळलेले. आमच्याबरोबर काय मजा येणार तुम्हाला? पुन्हा कधीतरी नक्की.

(टॉर्मोड खिडकीपासून दूर जातो. तिघांच्या बुटांचा आवाज खडीवरून पहिल्या टीकडे, खेळ जिथून सुरू होतो तिकडे, जात राहतो.)

मर्डो: लोकर जुलैत कापतात. मी परदेशात होतो, पण एवढं विसरलो नाही.

इश्बेल: त्यालाही ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे ते.

मर्डो: मग तोंडावर तरी सांगायचं. मी काय केलंय त्याचं?

इश्बेल: खरं विचारतोस?

मर्डो: खरं.

इश्बेल: एप्रिलमध्ये तू त्याच्याबरोबर एकदा खेळलास. पाचव्या होलवर डाव्या हाताला वाळूचा खड्डा आहे. तिथे काय म्हणालास?

मर्डो: बुजवा म्हणालो. चुकीच्या जागी आहे तो. चांगल्या फटक्याला शिक्षा देतो आणि वाईट फटका सुटतो. अगं, मी अकरा देशांत मैदानांवर गवत पेरलंय. मला कळतं.

इश्बेल: तो खड्डा माणसाने खणलेलाच नाही. त्याच्या बापाच्या मेंढ्यांनी खणला. वारा सुटला की आडोशाला तिथे जाऊन बसायच्या. बसून बसून खळगा झाला. एका हिवाळ्यात बर्फ पडलं, चार दिवस थांबलं नाही. एकोणीस मेंढ्या त्या खळग्यात मेल्या. बाप फावडं घेऊन एकेक काढत होता, टॉर्मोड कंदील धरून उभा. नऊ वर्षांचा असेल.

मर्डो: मला माहीत नव्हतं.

इश्बेल: कसं माहीत असेल? तू विचारलंच नाहीस. तू सांगत होतास.

मर्डो: कुणी बोललंही नाही.

इश्बेल: बोलायला जागा कुठे ठेवतोस? डॉक्टरीणबाईला तू नऊ होलभर जपानची पाइनची झाडं ऐकवलीस. तिने मला येऊन सांगितलं, सगळी झाडं ऐकली, फक्त माझा एकही फटका त्याने बघितला नाही. मास्तरांना कॅलिफोर्निया. तो छोटा होल, शंभर पावलांचा, मागे नुसता समुद्र.

मर्डो: पण तो आहेच तसा.

इश्बेल: असेल. कोणी नाही म्हणत नाही. लोकांना वाटतं, हा उभा इथे असतो आणि बघतो तिकडे. मग कशाला बरोबर घ्यायचं?

मर्डो: चहा आहे का तुझ्या थर्मासमध्ये?

इश्बेल: आहे. ओटची बिस्किटंही आहेत, घे. मऊ पडलीत.

मर्डो: तुला एक सांगू? त्यातलं एकही मैदान मी कुणाबरोबर खेळलो नाही.

इश्बेल: म्हणजे?

मर्डो: माझं काम कसलं, तर वाळू सपाट करायची, बी टाकायचं, पाणी द्यायचं आणि उगवायची वाट बघायची. वर्ष जातं, दीड वर्ष जातं. मैदान तयार झालं की पाहुणे येतात, फिती कापतात, आणि आम्ही पुढच्या देशात. त्याआधी एक दिवस मुकादम म्हणतो, जा, खेळून घे. बाकीचे मजूर त्या त्या गावचे, त्यांना खेळ येत नसायचा. मग मी एकटाच. जगातले लोक ज्यासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवतात ना, ते सगळं मी एकट्याने फिरलोय.

इश्बेल: आणि बायको? हेलन ना?

मर्डो: हेलनला गोल्फ म्हणजे मी घरात नसणं. तिचंही बरोबर होतं. घरात नसायचोच. मुलगी चौदाची झाली आणि हेलनने सांगितलं, आता आलास तरी पाहुण्यासारखा ये. तसाच गेलो मग, पाहुण्यासारखा.

इश्बेल: हे तू कधी सांगितलं नाहीस.

मर्डो: हे कोण ऐकणार? टास्मानियात एकदा, वाळूच्या टेकड्यांमधून, समोरून वारा, असा चेंडू मारला मी, इश्बेल, की आयुष्यात पुन्हा जमला नाही. तो वर गेला, वाऱ्यावर टेकला, आणि झेंड्याच्या काठीपासून हातभर अंतरावर येऊन बसला. मी मागे वळलो. कुणाकडे तरी बघून हसायचं असतं ना अशा वेळी. तर मागे एक छोटं कांगारू. गवत खात होतं. मी लावलेलं.

इश्बेल: हसू नये, पण येतंय.

मर्डो: हस. मीही हसलो होतो. पण तिथून हे लागलं. कुणीच बघितलं नाही ना, म्हणून भेटेल त्याला सांगत सुटतो. एकाही फटक्याला साक्षीदार नाही मला.

इश्बेल: मला होते. शे-दीडशे.

मर्डो: इश्बेल—

इश्बेल: साक्षीदारांचं तू काढलंस. मी नाही.

मर्डो: मला त्यावर बोलायचंच होतं. मार्चपासून रोज ठरवून येतो.

इश्बेल: मार्चपासून तू मला न्यूझीलंड सांगितलंस, जपान सांगितलंस. कॅनडात कावळे चेंडू पळवतात तेही सांगितलंस. आता मी सांगते. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा शनिवार, दुपारचे दोन. मिश्र जोड्यांचा अंतिम सामना. दोघांत मिळून एक चेंडू, एक फटका माझा, एक तुझा. आईने माझा निळा स्कर्ट इस्त्री करून दिला होता. सगळं गाव पहिल्या टीभोवती. समोरची जोडी आली. तू नाहीस.

मर्डो: मला ठाऊक आहे गं ते.

इश्बेल: तुला काय ठाऊक? तू नव्हतास. कॅप्टनने घड्याळ काढलं. पाच मिनिटं दिली. ती संपली तर माझ्याकडे बघून आणखी पाच दिली, नियमाबाहेर. मी म्हटलं, मी एकटी खेळते. हरले तर हरले. तर तो काय म्हणाला माहीत आहे? रागावून नाही रे, अगदी हळू. म्हणाला, पोरी, पहिला फटका तू मारशील. दुसरा कोण मारणार? तेवढ्यात तुझी आई आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, तो काल सकाळच्या बसने गेला.

मर्डो: मेलबर्नहून कामाचं पत्र आलं होतं. रविवारी ग्लासगोहून विमान. तुला सांगितलं असतं तर तू राहा म्हणाली असतीस, आणि मी राहिलो असतो.

इश्बेल: नसते म्हटलं. सामना संपव आणि जा, म्हटलं असतं. शनिवारी रात्री नील माशांची लॉरी घेऊन ग्लासगोला जायचा. त्याने तुला वेळेत पोचवलं असतं.

मर्डो: नील? तुझा नील?

इश्बेल: तेव्हा माझा नव्हता. त्या दिवशी माझ्या काठ्या उचलून घरी आणून दिल्या त्याने. एक शब्द बोलला नाही. एकतीस वर्षं संसार केला त्याच्याशी, चांगला केला. काठीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही, आणि जोडीने खेळायला ये असं मी कधी कुणाला म्हटलं नाही.

मर्डो: मला वाटायचं, तू विसरली असशील. मी टपालाने काहीतरी पाठवावं म्हणून दुकानात जायचो. काय पाठवणार? मग दोन-तीन वर्षं गेली की वाटतं, आता पाठवलं तर उलट विचित्र दिसेल.

इश्बेल: दिसलंच असतं.

मर्डो: इश्बेल, मी तेव्हा जे केलं त्याबद्दल मला—

इश्बेल: नको.

मर्डो: म्हणू तरी दे.

इश्बेल: नाही. एका चेंडूवर खेळणारी जोडी एकमेकांची माफी मागत नाही. तुझ्याच आजोबांनी आपल्याला शिकवलं. जोडीदाराने झुडपात घातला, ओढ्यात घातला, तरी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पडलाय तिथे जायचं आणि पुढचा फटका मारायचा.

मर्डो: चव्वेचाळीस साली शिकवलं ना आपल्याला... नाही, तेव्हा आपण जन्मलोही नव्हतो. काय बोलतोय मी.

इश्बेल: घाबरलास की तू आकडे चुकतोस. शाळेतही चुकायचास.

मर्डो: मग आता?

इश्बेल: चारनंतर वहीत कुणाचं नाव नाही. गुडघ्यांमुळे नऊ होल मला झेपत नाहीत. तीन होल. ओढ्यापर्यंत जायचं आणि चालत परत यायचं.

मर्डो: तू खेळतेस अजून?

इश्बेल: सहा वर्षं नाही. नील गेल्यापासून बसते या खोपटात, इतरांची नावं लिहीत. नेम गेला असेल. तुला झुडपातून बरेच काढावे लागतील.

मर्डो: काढीन.

इश्बेल: आणि बाहेरच्या कुठल्या मैदानाचं नाव काढायचं नाही. ओढ्यापर्यंत तरी.

मर्डो: नाही काढणार. टॉर्मोडकडे जायला हवं मला, त्या खड्ड्याचं... त्याला विचारायला हवं.

इश्बेल: ते उद्या. आणि जाऊन सांगत बसू नकोस. विचार आणि गप्प राहा.

मर्डो: बरं. चारला किती वेळ आहे?

इश्बेल: दहा-बारा मिनिटं. तू हो पुढे. मला खिडकी लावायची आहे, पैशांच्या पेटीला कुलूप घालायचं आहे, बूट शोधायचे आहेत.

मर्डो: इथेच थांबतो ना. बरोबरच जाऊ.

इश्बेल: इथे नाही. पहिल्या टीवर.

मर्डो: तिथे क्लबाच्या सगळ्या खिडक्या समोर येतात. आत डॉक्टरीणबाई बसलीय, दोघे मास्तर आहेत. हा एकटा कशाला उभा म्हणून बघत राहतील.

इश्बेल: बघू देत.

मर्डो: येशील ना पण?

इश्बेल: बूट सापडले की.

मर्डो: आणि नाही सापडले तर?

इश्बेल: तू जाऊन उभा राहा, मर्डो.