शंभर टक्के निकाल

— पट्टा, साहेब. आधी तुमचा पट्टा. परीक्षक आहात हे मला कळतं, गाडीच्या काचेला कळत नाही. हं, आता ठीक. नाव? नाव तुमच्या हातातल्या कागदावर आहेच, पण विचारलंत म्हणून सांगते, कारण तोंडी परीक्षेत उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं अशी माझी शिस्त आहे. माझं नाव प्रयाग धर्माजी टेमकर, वय वर्षं साठ, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार घोडेगाव. आणि हो, ही तिसरी खेप. त्यात भुवया उंचावण्यासारखं काही नाही. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा बसले आहे, आणि लर्निंग लायसन्सची मुदत उद्या संपते. किल्ली फिरवू? फिरवते. एक मात्र करा, ‘बाई, घाबरू नका’ असं म्हणू नका. मागच्या खेपेला तुमच्या जागेवर जे गृहस्थ बसले होते ते एवढंच म्हणाले. तोवर इथं घाबरायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मग जी घाबरले ती चार वेळा गाडी बंद पाडूनच थांबले.

पहिल्या खेपेचं कारण वेगळं होतं. पहिल्या खेपेला शेळी विकली गेली. — हसू नका, सांगते. तो पाहा, फाटकापाशी हाताची घडी घालून उभा आहे ना, निळ्या सदऱ्यातला, तो गोकुळ. ड्रायव्हिंग स्कूल त्याचंच. माझाच विद्यार्थी. त्यानं मला घोडेगावच्या मैदानावर शिकवलं, कारण तुमचा कॅम्प तेव्हा तिथं भरायचा. आणि मी शिकले कशी? छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं तशी — पाठ करून! निलगिरीचं झाड आलं की दुसरा गिअर. पाण्याची टाकी खांद्याच्या रेषेत आली की चाक उजवीकडे दीड फेरा. खुंटीची काळी शेळी दिसली की ब्रेक. वेगळी वही घातली, समास आखला, रोज सकाळी दूध तापेपर्यंत उजळणी. गोकुळ कपाळाला हात लावायचा — “आवं बाई, झाड नका बघू, रस्ता बघा!” मी म्हटलं, अभ्यासक्रमात आहे तेवढंच परीक्षेत येतं, मला शिकवू नकोस. तर परीक्षेच्या दिवशी झाड होतं, टाकी होती, शेळी नव्हती. मालकानं आदल्या बाजाराला विकली. मी शेळीची वाट पाहत पाहत गेले ती थेट कुंपणात. आणि आता तुम्ही सगळा कॅम्पच उचलून इथं अवसरीच्या माळावर आणलात! झाड नाही, टाकी नाही, शेळीचं तर नावच नको — नुसते हे तांबडे-पांढरे कोन. साहेब, हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न झाला. — सोडवते, सोडवते. आठाचा आकडा ना? सोडवायलाच आले आहे.

हं, निघाली. या वयात हे कशाला, असं मनात म्हणालात ना? म्हणालात, वर्गात मागच्या बाकावरचं मनातलं मला ऐकू येत असे, तुम्ही तर हातभर अंतरावर आहात. ध्येय, साहेब, ध्येय! माझ्या निरोप समारंभाला पुण्याहून एक वक्ते बोलावले होते. अंगात कोट, कानापाशी माइक, आणि विषय काय, तर ‘आयुष्यात ध्येय कसं ठरवावं’. निवृत्त होणाऱ्या बाईसमोर! बारशाला न बोलावलेल्यानं तेराव्याला येऊन नाव सुचवावं तसं. शेवटी त्यांनी सगळ्यांना छापील तक्ते वाटले — माझी पाच ध्येयं, पुढं मुदत, त्यापुढं साध्य की असाध्य. इतरांनी त्यात भजी गुंडाळली. मी भरला. तांबड्या शाईनं. पहिलं ध्येय, दुपारी झोपणं — साध्य. दुसरं, घड्याळ न बघता जेवणं — असाध्य. मधल्या सुट्टीच्या वेळेला पोटात अजून घंटा होते. तिसरं, दुकानांच्या पाट्या दुरुस्त न करणं — असाध्य. आमच्या बाजारपेठेतल्या पारसशेठनं आता पाटी हात पोहोचणार नाही इतक्या उंच लावली आहे. चौथं, धाकट्या जावेला तिच्याविषयीचं माझं खरं मत सांगणं — पहिल्याच आठवड्यात साध्य. तेव्हापासून येणं-जाणं बंद आहे. म्हणजे एका दगडात दोन ध्येयं. आणि पाचवं — थांबा, वळण आलं — पाचवं, स्वतः गाडी चालवत डिंब्याला जाणं.

डिंब्यालाच का? तिथं कुशाबाई राहते. कुशाबाई आमच्या शाळेची शिपाई. तीस वर्षं तिनं घंटा दिली आणि तीस वर्षं मला अक्कल शिकवली. घंटा वेळेवर होत असे, अकलेला काळवेळ नव्हता. दोन वर्षांमागं गुडघे गेले. एसटीची पायरी तिला चढवत नाही, आणि आमची एसटी तरी थांबते कुठं? थांबल्यासारखं करते. तेव्हापासून ती घराच्या उंबऱ्यावर बसून आहे. तिची इच्छा काय, तर घोडेगावच्या स्टँडसमोर बसून चहा प्यायचा, गरम भजी खायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची. काशी नाही, रामेश्वर नाही — भजी! मी म्हटलं, भाड्याची गाडी करते. तर म्हणे, “परक्या मानसासमोर मला उचलून ठिवणार व्हय? तुमी गाडी शिका बाई. मी तवर मरत न्हाई.” आज सकाळी तिच्या सुनेचा फोन आला — आत्याबाई नऊ वाजल्यापासून नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसल्यात. मी नापास झाले तर त्या लुगड्याचं काय करू, सांगा. — एकदा गेले होते मी कालव्याच्या रस्त्यानं तिच्या गावाच्या वेशीपर्यंत, एकटी... म्हणजे, गोकुळ शेजारी होता. होता. तसंच समजा तुम्ही.

आठ पुरा झाला का? झाला! आणि मी काही पाठही म्हटलं नाही. बघितलंत? आता उलटी घ्यायची, कोनांच्या मधून. घेते. घाई करू नका.

आणि तो पुणेकर मला ध्येय शिकवत होता! अहो, दहावीचा शंभर टक्के निकाल, सलग नऊ वर्षं, ही माझी कमाई. ढाल आहे घरात, भिंतीवर, रोज पुसते. लोक विचारायचे, बाई, कसं जमतं? मी म्हणायची, शिस्त. — शिस्त कसली, गाळणी! नववीला गाळणी लावायची. दहावीत नापास होईल असं पोर दिसलं की त्याला नववीतच अडवायचं. म्हणजे ते बोर्डाच्या परीक्षेला बसतच नाही, आणि बसतच नाही ते नापास कसं होणार? गणित सोपं आहे. एका वर्षी नववीतलं एक पोर गणितात चौतीसवर होतं. चौतीस. वाढीव गुण द्यायची मुभा होती, बाकीचे शिक्षक देत होते. कुशाबाई निकालपत्रकं घेऊन दारात उभी होती. म्हणाली, “द्या की वो एक मार्क. एका मार्कानं काय ह्यो सह्याद्री ढासळतोय व्हय?” मी तिला म्हटलं, कुशाबाई, तू घंटा दे. — आणि ठणकावून सांगितलं की फुकटचा गुण मी जन्मात कुणाला दिला नाही आणि जन्मात कुणाकडून घेणार नाही. त्या वर्षीही निकाल शंभर टक्के लागला. पोरानं शाळा सोडली. ट्रकवर क्लीनर म्हणून गेलं, मग ड्रायव्हर झालं, मग —

मग तिकडं फाटकापाशी उभं आहे, निळा सदरा घालून. सहा महिने ते मला शिकवतंय, आणि एकदासुद्धा आवाज चढवलेला नाही. मी कुंपणात गेले तेव्हा म्हणालं, “हुतं बाई. मी बी गणितात नापास झालोच ना? माझीच अक्कल कमी पडली व्हती.” त्याची अक्कल! त्याला अजून तसंच वाटतं, साहेब. आणि मी गप्प बसले. छत्तीस वर्षांत वर्गात मी गप्प बसल्याचं कुणी पाहिलं नसेल, त्या दिवशी बसले. चाक धरून, पुढं बघत, झाड शोधत —

काय वाजलं?

नाही, सांगू नका. आरशात दिसतंय. एक कोन आडवा झाला. एकच. गाडी थांबवली आहे, हँडब्रेक ओढला आहे, इंजिन बंद केलं आहे. परीक्षा संपली ना? मग लिहा काय लिहायचं ते. — लिहा की. पेन असं अधांतरी का धरलंय? माझ्याकडे काय बघता? मी असते तर एव्हाना लिहून मोकळी झाले असते. नियम तो नियम. कोन पडला की नापास, आणि त्या फाटकापाशी उभ्या असलेल्याला मी कोणत्या तोंडानं... आणि ती तिकडं उंबऱ्यात, नऊ वाजल्यापासून, नवं लुगडं —

साहेब.

या माळावर वारा फार सुटतो, नाही? कॉलेजच्या पोरांच्या वह्या उडतात म्हणे इथं. आणि हे कोन प्लास्टिकचे, हलकेच. नाही, धक्का मला लागल्यासारखा वाटला, पण वाटण्यावर काय जातं? तुम्ही तर त्या वेळी कागदात बघत होतात. होतात. — एका कोनानं काय सह्याद्री ढासळतोय व्हय?

...काय म्हणालात? वाऱ्यानं?

हो. वाऱ्यानंच. लिहा. सही इथं, आणि तारीख स्पष्ट घाला. तुमचा सात एकासारखा दिसतो. आभार मानणार नाही. वाऱ्याचे कुणी आभार मानत नाही. उतरा आता. आणि उतरताना तेवढा तो कोन उभा करा, पुढच्या उमेदवाराला पडलेला कोन मिळणं बरं नव्हे. चला, उतरा, दार नीट लावा. — नीट म्हणजे नीट.

गोकुळ! अरे गोकुळ, ये इकडं! मागं नको, पुढं बस, शेजारी. — काय झालं म्हणून काय विचारतोस, पास झाले. किती? पस्तीस. बरोब्बर पस्तीस, बाबा. — हसतोस काय? चौतीसच होते, एक दिला मला. पट्टा लाव आणि गप्प बस. डिंबं येईपर्यंत तू काही बोलायचं नाहीस. मला सांगायचं आहे.