शिकाऊ, वय वर्षे बावन्न

नाही, पण मला एक सांगा, बावन्नाव्या वर्षी कोणी शिकाऊ होतं का? शिकाऊ म्हणजे कोण? नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं, खिशात कंगवा, या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं, तो शिकाऊ! आणि आमची ही... जाड भिंगाचा चष्मा, जिन्याच्या चौथ्या पायरीला कुरकुरणारा गुडघा, लेकीचं लग्न होऊन सहा वर्षं झालेली, आणि गळ्यात काय, तर ओळखपत्र! वर फोटो, फोटोखाली नाव, नावाखाली ठळक अक्षरांत 'शिकाऊ'. मी काही बोललो? एक अक्षर नाही!

तुम्हाला सांगतो, ही बावीस वर्षं कागदाच्या कारखान्यात कचेरीत होती. कारखाना बंद झाला. आठ दिवस घरी बसली, आठ दिवसांत घरातली सगळी कपाटं लावून काढली, आणि नवव्या दिवशी माझ्या कपाटाला हात घातला तेव्हा मीच म्हणालो, "अगं, बाहेर काहीतरी बघ की." आता बाहेर म्हणजे मला वाटलं वाचनालय, फार तर शिवणक्लास... ही बाहेर गेली ती थेट सोलरच्या कोर्सला नाव घालून आली! सोलर! म्हणजे त्या छपरावरच्या काळ्या काचा, ऊन प्यायचं आणि वीज द्यायची, त्या! म्हणे, "अहो, पेपरात आलंय, ग्रीन जॉबना फार मागणी आहे." अगं, जॉबना मागणी असेल, पण तुला आहे का? हे मी मनात म्हणालो हं. तोंडाने एक अक्षर नाही.

लेकीचा फोन. ती तर अशी आनंदली, जसं काही आईला मेडिकलला प्रवेश मिळाला. "बाबा, आईला करू दे हं! तुम्ही उगाच मध्ये येऊ नका!" मी कशाला मध्ये येतोय? आणि आलो तरी काय बिघडलं? अहो, मी एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर होतो! दारोदार फिरून मीटरचे आकडे लिहिले. दोनदा कुत्रं चावलं, एकदा जिन्यावरून पडलो, पण आकडा चुकीचा लिहिला नाही. विजेतलं मला कळत नाही तर कुणाला कळतं?

कोर्स झाला, परीक्षा झाली, ही पास झाली. आणि एका सोलर कंपनीत तीन महिन्यांसाठी इंटर्न म्हणून लागली. इंटर्न म्हणजे तेच हो, शिकाऊ, फक्त इस्त्री केलेला. एकूण पाच जण. चार विशी-बाविशीची पोरं आणि पाचवी ही. तीन महिन्यांनी पाचातले दोनच ठेवणार, बाकीच्यांना प्रमाणपत्र आणि टाटा. हिने पहिल्याच दिवशी आरशासमोर उभी राहून मला सांगितलं, "हे 'शिकाऊ' आहे ना, हे मी तीन महिन्यांत काढणार. लिहून ठेवा." कुठे लिहून ठेवू? सगळ्या वह्यांत हिने वायरींची चित्रं काढलेली!

आणि हिची साहेब कोण, तर एक इंजिनिअर बाई, आमच्या लेकीपेक्षा चार वर्षांनी लहान. ती हिला म्हणणार, "काकू, ती शिडी आणता का?" आणि ही तिला म्हणणार, "हो मॅडम!" घरात मी "पाणी देतेस का" म्हटलं तर "हात मोडलेत का तुमचे?" आणि तिथे "हो मॅडम"!

बरं, मला वाटलं पृथ्वी वाचवायचं काम, काहीतरी भव्य असेल. पहिला महिनाभर ही काय करत होती माहितीये? फरशी पुसत होती! म्हणजे पॅनल हो, पण पुसणंच ना ते? बादली, लांब दांड्याचा ब्रश, फडकं. कबुतरं वरून घाण करणार आणि ही खालून पुसणार. मी म्हटलं, "अगं, हे घरी करत होतीस तेव्हा त्याला ग्रीन जॉब का म्हणत नव्हते?" यावर जे मिळालं ते उत्तर मी इथे सांगत नाही, बायामाणसं बसलीयेत.

दुसऱ्या महिन्यात हिला पाना मिळाला. साधा नाही, तो बोल्ट पुरेसा आवळला गेला की 'कट्' असा आवाज करणारा. सरावाला म्हणून घरी आणला. झालं! पलंग... कट्. कपाट... कट्. माझी खुर्ची... कट्. कुकरच्या दांड्यासकट एक स्क्रू घरात सैल राहिला नाही. मग आला सुरक्षापट्टा, उंचावर काम करताना कमरेला आणि खांद्यांना बांधतात तो. गाठींचा सराव कुणावर? खिडकीच्या गजाला मला बांधलं, गाठ बरोबर आली, ही खूश, आणि एवढ्यात हिला फोन आला आणि ही बोलत बोलत आत गेली ती गेलीच! इकडे दारावर गॅसवाला. "काका, दार उघडा." मी म्हटलं, "बांधलंय." तो म्हणाला, "कुणी?" मी म्हटलं, "बायकोने." तो सिलिंडर बाहेरच ठेवून पळाला हो! मी काही बोललो? एक अक्षर नाही.

पण तुम्हाला खरं सांगू? माणूस कौतुकाने बघत बसेल अशी ती कामाला भिडली होती. पोरं शिडी चढायची धावत, ही चढायची एकेक पायरी, गुडघ्याला शिव्या घालत, पण चढायची! पोरं एकदा मोजायची, ही तीनदा. रात्री जेवताना बघावं तर ओठ हलतायत, काय तर म्हणे, वायरींचे रंग पाठ करतेय.  म्हटलं, एवढं करून नाही ठेवलं हिला, तर? पुन्हा माझं कपाट?

आणि मग शेवटची परीक्षा आली. पाच जणांना पाच छपरं. दोन आठवडे रोज दहा ते चार, दर पाव तासाने, पॅनलं किती वीज देतायत तो आकडा लिहायचा आणि शेवटी अहवाल द्यायचा. यावरच ठरणार, कोण राहणार आणि कोण जाणार. हिच्या वाट्याला वाचनालयाचं छप्पर. चार मजले. सावलीला झाड नाही, आडोसा नाही, डोक्यावर भगभगीत ऊन!

आता मला सांगा, नवरा म्हणून माझं काही कर्तव्य आहे की नाही? मी रोज साडेबाराला डबा घेऊन जायचो. चार मजले चढून! आणि बरोबर माझी छत्री. काळी, मोठी, दोन माणसं आणि एक शेजारी मावेल अशी. ही शेवटच्या पॅनलला पाठ लावून उलट्या बादलीवर बसायची, जेवायची, जेवता जेवता डाव्या हाताने आकडा लिहायची, आणि मी छत्री धरून उभा. पाऊण तास! हात भरून येतो हो! म्हणून मी छत्रीची कड जरा पॅनलच्या कडेला टेकवायचो. ही म्हणायची, "अहो, कशाला त्रास घेता?" मी म्हणायचो, "जेव गं तू."

पहिला आठवडा संपला आणि हिचं तोंड उतरलेलं. सोमवारी इंजिनिअर बाईंनी सगळ्यांचे आकडे ग्राफवर काढले. चार पोरांचे ग्राफ कसे, सकाळी चढ, दुपारी माथा, मग उतार, छान गुळगुळीत टेकडी. हिच्या टेकडीला ऐन माथ्यावर खड्डा! रोज साडेबारा ते सव्वा, वीज धाडकन खाली. बाई म्हणाल्या, "काकू, एक तर तुम्ही आकडे चुकीचे घेताय, नाही तर तिथे काही बिघाड आहे. कारण शोधा. शनिवारी अहवाल."

आकडे चुकीचे? हिचे? ही इतकी चिडली की त्या दिवशी डबासुद्धा तिने चिडूनच खाल्ला. मंगळवारी सगळ्या वायरी तपासल्या. सगळे सांधे... कट्, कट्, कट्. पॅनलं दोनदा धुतली. कबुतरांना हाकललं. टाकीची सावली पडते का म्हणून काठी उभी करून मोजली, टाकी बिचारी निर्दोष! मीही गप्प बसलो नाही. मी म्हटलं, "मीटर बिघडलंय." नाही. "वाचनालयाचा शिपाई त्या वेळेला शेगडीवर चहा करत असणार, तो वीज खातोय!" ही म्हणाली, "अहो, तो खातो ते वेगळं. इथे मुळात बनतच नाहीये." बुधवारी माझी दाढ ठणकत होती, मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो, पण जबडा सुजलेला असतानाही विचार करत होतो, कोण असेल हा चोर? गुरुवारी पुन्हा हजर. छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली आणि म्हटलं, "घाबरू नकोस, आपण दोघं मिळून शोधू!"

शुक्रवारी संध्याकाळी ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. रोजचा खड्डा, एकेक वार. सोमवार, खड्डा. मंगळवार, खड्डा. बुधवार... खड्डा नाही! गुळगुळीत टेकडी! गुरुवार, खड्डा. शुक्रवारी ढग आलेले, अख्खी टेकडीच ओबडधोबड. ही स्वतःशीच म्हणते, "बुधवारी काय वेगळं होतं?" चष्मा काढला. पुसला. लावला. आणि सावकाश माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात असं बघितलं नव्हतं हो तिने!

"बुधवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"दा... दाताला!"

"आणि छत्री?"

"माझ्याबरोबर!"

तिने ग्राफवरच्या बुधवारवर बोट ठेवलं. मी हसायला लागलो, म्हटलं, "अगं वेडी की काय तू? वीस पॅनलं आहेत, माझी एक छत्री!" तेव्हा तिने मला समजावलं, अगदी शांतपणे, आणि तीच भीती वाटते मला! ही पॅनलं एका रांगेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की अख्खी रांग ढेपाळते. एकतीस वर्षं विजेत काढली मी, मला हे माहीत नव्हतं! मीटर भिंतीवर असतं हो, छपरावर कोण गेलं होतं?

मग मला आठवलं, उद्या अहवाल! मी म्हटलं, "हे बघ, असं लिही, एक सांधा सैल होता, घट्ट केला, संपलं. कुणाला कळतंय? माझं नाव लिहिलंस तर ती पोरं फिदीफिदी हसतील, आणि बाई म्हणतील, काकू नवऱ्याला घेऊन कामावर येतात! हातची जागा जाईल तुझी!"

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "दोनदा कुत्रं चावलं तुम्हाला. एकदा तरी घरी बसून आकडा ठोकून दिलात का?"

"नाही."

"का?"

"अगं, लिहिलेला आकडा आपला असतो..."

"मग?" एवढंच म्हणाली, "मग?" आणि पेन उचललं. माझे डोळे भरून आले, खरंच सांगतो. म्हटलं, जागा जाऊ दे, माझं कपाट लावू दे, काय लावायचं ते लावू दे! पण हे तिला बोललो? एक अक्षर नाही.

शनिवारी तिने अहवाल दिला. त्यात एक तक्ता होता. 'बिघाड: साडेबारा ते सव्वा वीज कमी.' 'कारण: नवरा.' 'उपाय: नवरा हटवला.'

इंजिनिअर बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, "काकू, सिद्ध करा." झालं! मला फोन, छत्रीसकट या. मी चार मजले चढलो. वर बाई, चार पोरं, वाचनालयाचा शिपाईसुद्धा, ज्याच्यावर मी आळ घेतला होता! ही मीटरच्या आकड्यासमोर उभी, कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, आणि मला हुकूम, "उघडा!" उघडली. आकडा धाडकन खाली. "मिटा!" मिटली. आकडा वर. "उघडा!" खाली. "मिटा!" वर. दहा वेळा! मी म्हटलं, "अगं, पटलं आता सगळ्यांना." ही म्हणाली, "दहाची सरासरी काढायचीय."

पोरं हसून हसून खाली बसली. बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं, मग त्यांनी ते पुसलं आणि म्हणाल्या, "काकू, तिघांच्या ग्राफमध्ये मला आकडे जुळवलेले दिसतायत. ढग आले होते त्या दिवशीही टेकडी गुळगुळीतच! सोमवारपासून तुम्ही कायम. ते गळ्यातलं काढा, नवीन देते." आणि ही, गुडघा विसरून, हेल्मेटसकट, चार पोरांसमोर माझ्या गळ्यात पडली हो! मी छत्री उघडून तोंड झाकून घेतलं. आकडा पुन्हा खाली पडला, पण त्या वेळी कुणी लिहिला नाही.

आता ही तिथे पक्की. आणि मी? मी मोकळा झालो असं वाटतंय तुम्हाला? अहो, दर तीन महिन्यांनी नवीन पोरं येतात. पहिल्या दिवशी बाई त्यांना तो खड्ड्याचा ग्राफ दाखवतात, आणि सावलीने काय होतं ते प्रत्यक्ष दाखवायला कुणाला बोलावतात? मला! चार मजले चढायचे, उघडा, मिटा, उघडा, मिटा. आणि हिचाच आवाज, "अहो, लक्ष कुठे आहे? मिटा म्हटलं ना!" मी काय म्हणतो माहितीये? "हो मॅडम!"

परवा गेलो तर खाली नवा पहारेकरी अडवतो, ओळखपत्र नसेल तर वर सोडणार नाही. हिने वरून वाकून बघितलं, पिशवीत हात घातला आणि आपलं जुनं ओळखपत्र, फोटोवर माझा फोटो चिकटवलेलं, खाली टाकलं. बासष्टाव्या वर्षी, तुम्हाला सांगतो, बासष्टाव्या वर्षी गळ्यात घातलंय... हे बघा. काय लिहिलंय? वाचा, वाचा मोठ्याने, लाजू नका. 'शिकाऊ'!

मी काही बोललो?