आठने भागण्याबाबत

माझे व माझ्या वडिलांचे नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे, ते बरोबर आहे. वय २४ वर्षे. व्यवसाय नोकरी, जुन्या टेपवरील माहिती नव्या ठिकाणी हलवून देणाऱ्या कंपनीत तंत्र सहायक. राहणार बहिणीच्या घरी, दुसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर कंपनी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची आहे. मी त्यांना भावोजी म्हणते. आई-वडिलांच्या पश्चात मी त्यांच्याच घरी राहते. त्यांनी माझ्याविरुद्ध पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. मी हिशेबात आठने भागायला विसरले, त्यामुळे रुग्णालयाच्या दोन टेप खराब झाल्या आणि उरलेल्या अकरा मी परवानगीशिवाय उचलून नेल्या, असे त्यात म्हटले आहे. त्यातील टेप नेल्याची गोष्ट खरी आहे.

काम रुग्णालयाच्या तळघरातील अभिलेख कक्षात होते. रुग्णांच्या शरीराच्या आतील जुनी चित्रे तेरा टेपवर साठवलेली होती. ती टेपमशीनमधून वाचून फायबरच्या लाइनवरून दुसऱ्या शहरातील केंद्राकडे पाठवायची होती. फायबर जिथे येऊन संपते तो पांढरा डबा दाराशेजारी भिंतीवर बसवलेला आहे. टेपमशीनचा वेग बाइटमध्ये मोजतात आणि डब्याचा बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे डब्याचा आकडा आठने भागल्याशिवाय हे दोन वेग शेजारी मांडता येत नाहीत.

भावोजींनी ते तसेच शेजारी मांडले. अभिलेख कक्षाच्या प्रमुख बाई व त्यांचे दोन कर्मचारी उपस्थित असताना ते म्हणाले, "मशीन ऐंशीने देतंय, लाइन दोनशेने घेतेय. अडीचपट जागा आहे. थेट सोडू, शनिवारच्या आत मोकळे."

मी त्यांना बाजूला बोलावले. ते आले नाहीत. म्हणून मला सर्वांसमोर सांगावे लागले की, दोनशेला आठने भागले की पंचवीस उरतात आणि हे टेपमशीन चाळिसापेक्षा सावकाश चालू शकत नाही. पुढून माहिती उचलली गेली नाही तर ते थांबते, टेप थोडी मागे घेते आणि पुन्हा धावते. टेपचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा घासला जातो. म्हणून आधी सर्व डिस्कवर उतरवून घ्यावे आणि डिस्कवरून लाइनवर सोडावे, असे मी सुचवले. त्याला आणखी एक आठवडा लागला असता.

भावोजी हसले व म्हणाले, "बघा, आमच्या घरचा शब्दकोश बोलायला लागला. शाळेत पहिली यायची ना! चल, आठचा पाढा म्हणून दाखव सगळ्यांना."

मला वाटले ते थट्टा करत आहेत. ते थांबून राहिले. मी पाढा म्हटला. कर्मचारी हसले, प्रमुख बाई हसल्या नाहीत. पाढा बरोबर होता. त्यानंतर भावोजींनी मशीन थेट लाइनला जोडले आणि मला खुर्चीवर बसवले.

टेप नीट चालते तेव्हा मशीनचा आवाज एकसारखा असतो. त्या दिवशी ते घरघरत होते, खटकन थांबत होते आणि पुन्हा घरघरत होते. मी दोनदा सांगितले. "जुनं मशीन आहे, खोकणारच. तू गप बस," असे ते म्हणाले. पहिली टेप अर्ध्यावर वाचता येईना. दुसरी त्याहून आधी थांबली. तिसरी आत सरकवताना मी म्हणाले, "भावोजी, मी ही लावणार नाही."

ते म्हणाले, "मग संध्याकाळी घरी यायचंही कारण नाही."

मी तिसरी टेप बाहेर काढली, उरलेल्या दहांसोबत खोक्यात ठेवली आणि खोके प्रमुख बाईंच्या टेबलावर नेऊन दिले. ते टेबल त्याच तळघरात, पलीकडच्या खोलीत आहे. मी टेप उचलून नेल्या त्या एवढ्याच अंतरावर. त्या अकरा टेप आजही तिथे सुरक्षित आहेत. बाईंनी तशी पोच दिली आहे.

खराब झालेल्या दोन टेपवर ज्या रुग्णांची चित्रे होती, त्यांच्या डॉक्टरांना आता जुने चित्र नव्याशी ताडून पाहता येणार नाही. असे रुग्ण किती आहेत, हे मला माहीत आहे. अर्जात तो आकडा नाही आणि भावोजींनी तो मला अद्याप विचारलेला नाही.

आज ठाण्यात येण्यापूर्वी माझी बहीण मला फाटकापाशी भेटली. ती म्हणाली, "एवढंच म्हण ना, की भागायला विसरले. शाळेतली पोरंसुद्धा विसरतात. तू लहान आहेस, तुला कोण काय करणार आहे? त्यांचं नाव गेलं तर आमच्या घराचं काय?"

मी म्हणाले, "ताई, मी विसरले नव्हते."

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे."

तिच्याजवळ माझे कपडे भरलेली निळी पिशवी होती. ती म्हणाली, "तू आत काय सांगतेस, त्यावर ही पिशवी कुठे जायची ते ठरेल." हे बोलणे इतर कोणी ऐकलेले नाही. ती अद्याप बाहेरच्या बाकावर बसली आहे.

हिशेब कोणी केला, असे मला पुन्हा विचारण्यात आले. भावोजींनी केला. आठने भागावे लागते हे त्यांना मी टेप लावण्यापूर्वी, तीन माणसांसमोर सांगितले होते. मी भागायला विसरले नाही. हे वाक्य जसेच्या तसे लिहावे, अशी माझी विनंती आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी तो स्वतःही वाचला. मी सांगितले तेच यात उतरले आहे, फक्त एका ठिकाणी दुरुस्ती हवी आहे. सुरुवातीला लिहिलेला पत्ता मी आत आले तेव्हा बरोबर होता. तो कृपया खोडावा. पुढील बोलावणे कोठे पाठवायचे ते मी उद्या स्वतः येऊन कळवीन.